निळीचं पाणी आणि टबाची फट

निळीचं पाणी कोठीच्या भिंतीतून बाहेर आलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. मी टॉर्च घेऊन आमसुलांच्या बरण्यांशेजारी उकिडवी बसले होते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन थरांमधल्या दरजेतून आधी नुसती ओल आली, मग फिकट निळा ओघळ उतरला, आणि मला चक्क आनंद झाला. सहा महिने ज्या चोराच्या, म्हणजे ही भिंत ओली करणाऱ्या गळतीच्या, मागावर होते तो सापडला होता.

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रकाठच्या आचऱ्याला. शाळेतून निवृत्त झाल्यावर मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी केल्या. त्यातल्या एकीला टब असावा हा पुण्यातल्या मुलाचा हट्ट. "आई, फोटोत दिसतो गं." मी म्हटलं, समोरचा अख्खा समुद्र सोडून टबात कोण बसणार? बसतात. मुलांना तर किनाऱ्यावरून आल्या आल्या टबच हवा असतो, आणि त्यांच्याबरोबर वाटीभर वाळूही येते.

टब ॲक्रिलिकचा, पाच फूट बाय अडीच फूट. टेम्पोतून दोघांनी हसतखेळत उतरवला. मिस्त्रींनी चिऱ्याचा कट्टा बांधून टब त्यात बसवला, भोवतीच्या भिंतींना टाइल्स लावल्या आणि टब नि टाइल यांच्यामधल्या फटीत पांढरं सिमेंट भरून दिलं. दिसायला अगदी सुबक.

न्हाणीच्या मागची भिंत ती कोठीची भिंत. घर उतारावर असल्यामुळे कोठी तीन पायऱ्या खाली आहे. तिथे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, आगळाच्या (कोकमाच्या खारट रसाच्या) बाटल्या, पाहुण्यांच्या जादा गाद्या. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली ती आमच्या लक्षातच आली नाही, कारण जुलैत आमच्याकडे कोणती भिंत कोरडी असते? नोव्हेंबरात बाकी सगळं घर सुकलं आणि ही एकच भिंत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळी राहिली, तेव्हा उजेड पडला. तोवर तिला लोणा लागला होता. बोट फिरवलं की पांढरी पूड गळायची.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फटीतलं तडकलेलं पांढरं सिमेंट वरवर खरवडलं आणि नवं भरलं. नाताळच्या गर्दीनंतर पुन्हा केसासारखी चीर. मग मी स्वतःच मालवणच्या बाजारातून सिलिकॉनची नळी आणली. दुकानदाराने जी पुढे केली तीच घेतली, आणि सिमेंटच्या वरूनच बोटाने फासली. न्हाणीभर व्हिनेगरचा उग्र वास. दोन दिवस वाटलं, जिंकलो. होळीच्या सुमाराला एका पाहुण्यांच्या मुलीने कोपऱ्यातलं टोक धरून ओढलं तर सापाची कात निघावी तशी ती पट्टी सलग तीन फूट सोलून हातात आली. पोरगी खूश. मी जरा कमी.

शेजारचे आबा एकेकाळी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांतले. त्यांची लाकडी होडी आता नाही, पण मे महिन्यात किनाऱ्यावर होड्या वर ओढायची गडबड सुरू झाली की ते तिथे उभे राहून सगळ्यांना सूचना देतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणून त्याआधी सगळी आवराआवर. एका संध्याकाळी येता येता आमच्याकडे डोकावले आणि टबाच्या काठावर टिचकी मारून म्हणाले, "बाई, ह्यां हलता. हलता त्या जाग्यार सिमिट कसां ऱ्हवतला? होडयेच्या फळयांत आमी कापूस ठोकूं, वयसून राळ नि तेल. चुनो नाय भरूं." आणि जाता जाता म्हणाले, "पण पाणी खंयसून येता तां आधी बघूक व्हया."

पाणी कुठून येतं ते आधी बघायला हवं, हे जातानाचं वाक्य मला जास्त लागलं. इतका वेळ मी फटच गुन्हेगार धरून चालले होते. सांडपाण्याचा पाइप असू शकत होता, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या वरच्या भोकाचा वायसर असू शकत होता. चौकशी न करता शिक्षा, आणि तीही दोनदा.

मग तीन दिवस परीक्षा घेतली. पहिल्या दिवशी टबाचं बूच लावून ओव्हरफ्लोच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत पाणी भरलं आणि पातळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला. काठाला थेंब लागू दिला नाही. सकाळी पाणी होतं तिथेच होतं, भिंतीवर मी खडूने काढलेली ओलीची रेघही ओलांडली गेली नव्हती. म्हणजे टब आणि ओव्हरफ्लो निर्दोष. दुसऱ्या दिवशी बूच काढून सगळं पाणी एकदम सोडलं. पाइपही निर्दोष. तिसऱ्या दिवशी मगभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि टब कोरडा ठेवून ती फक्त फटीच्या कडेने, हळूहळू ओतली. आधी आगळ वापरायचा विचार होता, घरात रंग काय कमी आहे? पण चिऱ्यातून येणारं पाणी मुळातच तांबूस असतं, त्यात आगळाचा लाल काय कळणार. नीळ बरोबर कळली. टाइलमधल्या दरजा अजून किंचित निळसर आहेत, ते मात्र सोसायचं.

आबांचं पहिलं वाक्य, टब हलतो हे, तपासायला आमच्या ह्यांना कामाला लावलं. टब रिकामा असताना लग्नपत्रिकेचा जाड कागद फटीत जाईना. मग पाऊण टब भरला आणि हे बनियन-चड्डीत आत उतरून बसले. "गरम पाणी तरी घालायचंस," म्हणाले. मी त्याच जागी पत्रिका धरली तर ती सुळकन आत गेली, वर नाव नि मुहूर्त तेवढा दिसत राहिला. टबाचा काठ नजरेला कळणार नाही इतका खाली गेला होता. साहजिकच आहे. ओव्हरफ्लोपर्यंत भरला तर आमच्या टबात साधारण १८० लिटर पाणी बसतं, म्हणजे १८० किलो. दोघांनी हसत उचललेल्या वस्तूवर एवढं ओझं रोज चढणार आणि उतरणार, आणि मी तिच्या फटीत दगडासारखं काहीतरी भरून ती तडकली म्हणून मिस्त्रींना बोल लावत होते.

यावेळी दुकानात वाचूनच घ्यायचं ठरवलं. कणकवलीला मोठं दुकान आहे, तिथे सकाळच्या एसटीने गेले आणि काउंटरवर नळ्यांची रांग मांडून चष्मा चढवून मागचा मजकूर वाचत बसले. दुकानातल्या मुलाने खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तुम्ही आमाकां शाळेत पण असांच वाचूक लावायच्यास." कुठल्या बॅचचा ते मला आठवेना.

एक नळी ॲक्रिलिक सीलंटची. पाण्याने पुसता येते, वरून रंग देता येतो, स्वस्त. खिडकीच्या चौकटीला, छताच्या चिरेला ठीक. पण ती वाळते तशी आकसते आणि सतत पाण्यात राहण्यासाठी ती नाही. बाजूला ठेवली. दुसरी माझी जुनीच ओळख, व्हिनेगरच्या वासाची. हिला ॲसिटिक सिलिकॉन म्हणतात. सुकताना तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, वास त्याचाच. काचेला आणि गुळगुळीत टाइलला ती छान धरते, पण सिमेंट, संगमरवर, पितळ यांच्याशी तिचं जमत नाही. आगळाचा थेंब शहाबादी फरशीवर सांडून राहिला की तिथली चमक कशी जाते, तोच प्रकार. मी ती नेमकी उरल्यासुरल्या पांढऱ्या सिमेंटवर फासली होती. पट्टी धरणार कशाला?

तिसरी न्यूट्रल सिलिकॉन. वास जवळजवळ नाही, सिमेंट, दगड, धातू आणि ॲक्रिलिक सगळ्यांना चालते. सांधा २५ टक्के ताणला किंवा दबला तरी झेलेल असं लिहिलेलं. म्हणजे ६ मिलिमीटरच्या फटीला दीड मिलिमीटरची मोकळीक. पत्रिकेचा कागद त्याच्या कितीतरी आत. शिवाय बुरशीरोधक, हे आमच्या हवेत महत्त्वाचं. रंग पांढरा घेतला. पारदर्शक सिलिकॉनच्या आत काळं पडलं की ते कायम डोळ्यांपुढे राहतं. तळाशी तारीखही बघितली, कारण जुनी नळी बाहेरून ठीक दिसते पण नीट सुकतच नाही. नळी २८० मिलीची, सोबत दाबायची गन, मास्किंग टेप आणि फोमची दोरी. दोरी तिथे नव्हतीच, ती मुलाने पुण्याहून पाठवली.

यानंतरचं काम सांगायला कंटाळवाणं आहे आणि करायला त्याहून. भरायला पाऊण तास लागला, काढायला चार दिवस. पांढरं सिमेंट छोट्या छिन्नीने, हलक्या हाताने. जुनं सिलिकॉन मात्र चिवट, कारण त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर टबाच्या काठावर राहतो. तिथे नवं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. बोट फिरवून बघायचं. जिथे बोट घसरायच्या ऐवजी अडकल्यासारखं वाटतं तिथे थर शिल्लक आहे. पात्याने ॲक्रिलिकवर ओरखडे येतात, म्हणून मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरपं धरून खरवडत बसले. एक कार्ड संपलं, मग ह्यांचं घेतलं. थिनरचा मोह झाला होता, पण थिनर ॲक्रिलिकला खातं. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, फडक्याला लावायचं आणि पुसून टाकायचं.

फटीच्या आत काळी बुरशी निघाली. तिला ब्लीच पाण्यात मिसळून पंधरा मिनिटं लावून ठेवलं, खिडकी सताड उघडी ठेवून, आणि मग भरपूर पाण्याने धुतलं. इथे एक सांगते, कारण आमच्या कामवाल्या मावशी तोच उद्योग करायला निघाल्या होत्या. टॉयलेट धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र येऊ द्यायचं नाही, एकामागोमागसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. छाती धरते. आंघोळीची बंद खोली ही त्याची वाईट जागा.

मग सुकवणं. चिरा म्हणजे दगडाचा स्पंज. वरून कोरडा दिसला तरी आतून पाणी सोडतच राहतो. टेबलफॅन फटीकडे तोंड करून दोन दिवस लावला. भारनियमनात बंद, मग पुन्हा चालू. मुलीचा जुना हेअरड्रायर कोपऱ्यांना. रात्री फटीवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटवून ठेवायचा आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेत का बघायचं. पहिल्या दोन सकाळी जमले होते. तिसऱ्या सकाळी नव्हते. एव्हाना मिरग आठ दिवसांवर आला होता, आणि आभाळ रोज दुपारी भरून येऊन मला भिववत होतं.

एक गंमत तेव्हाच कळली. मला वाटायचं आपल्या दमट हवेत सिलिकॉन सुकणार कसं? तर ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, बाहेरून आत. कोरड्या हवेत उलट जास्त वेळ घेतं. हवा ओली असली तरी चालेल, फट ओली नको. आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आचऱ्यासाठीच केल्यानी काय ता?"

भरायच्या दिवशी पहिलं काम टब भरणं. हे मुलाने फोनवर तीनदा बजावलं होतं आणि पत्रिकेचा प्रयोग बघितल्यावर मला ते पटलंही होतं. टब रिकामा असताना सिलिकॉन भरलं तर पुढे पाहुणा बसेल तेव्हा प्रत्येक वेळी ते ताणलं जाणार. टब भरून, फट उघडी असताना भरलं तर पाणी सोडल्यावर ते फक्त दबणार. दबणं त्याला सोपं. पण मेच्या अखेरीला आमच्या विहिरीत पाणी केवढं? पंप दहा मिनिटं चालायचा आणि धापा टाकायचा. सकाळी थोडं, दुपारी थोडं असं करत ओव्हरफ्लोच्या भोकाच्या थोडं खाली आणलं, दीडशे लिटर असेल. न्हाणीचं सांडपाणी तसंही केळींना जातं, म्हणून जिवाला लागलं नाही. भरताना पाइप तळाशी धरला, काठावर शिंतोडा नको. तरी उडालाच, तो पुसला आणि पुन्हा तासभर पंखा.

फट सगळीकडे सारखी नव्हती. नळाच्या बाजूला ४ मिलिमीटर, भिंतीच्या मधोमध ९ पर्यंत. रुंद होती तिथे फोमची दोरी बोथट चमच्याच्या दांड्याने आत बसवली. दोरीमुळे नळी वाया जात नाही हा एक फायदा. खरं कारण वेगळं. सिलिकॉनने दोनच बाजू धरायच्या असतात, टब आणि टाइल. तिसरी, म्हणजे खालची बाजूही धरली तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि ते मधूनच फाटतं. फोमला ते चिकटत नाही. आबांच्या कापसाची आठवण झाली, पण कापूस इथे पाणी पिऊन बसला असता.

फटीच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावली, मध्ये फटीहून किंचित रुंद वाट सोडून. नळीचं टोक तिरपं कापलं. नोझल आत पडद्याने बंद असतं हे मागच्या वेळी माहीत नव्हतं, तेव्हा दाबून दाबून हात दुखले होते. यावेळी खिळ्याने पडदा फोडला. पहिला इंचभर रद्दी पेपरवर सोडला.

मेंदीचा कोन ज्याने धरला आहे त्याला हे जमेल. दाब सारखा आणि हात चालता. थांबलात की गाठ होते, घाई केलीत की मध्ये पोकळ. कोपऱ्यातून सुरू करून लांब बाजू एका दमात केली. गनच्या मागे एक पट्टी असते, ती दाबून दांडा मोकळा केला नाही तर हात थांबला तरी नळी ओकतच राहते. त्या नादात माझ्या परकराला टिळा लागला, तो आजही आहे. हाताला लागलेलं पाण्याने निघत नाही, उलट पसरतं. कोरड्या कागदाने पुसायचं.

मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच, न थांबता, शेवटपर्यंत फिरवायचं. पुन्हा पुन्हा फिरवलं की वर सुरकुत्या येतात, कारण दहा-पंधरा मिनिटांतच साय धरायला लागते. टेपही ओलं असतानाच काढायची, बाहेरच्या दिशेने तिरपी ओढत. पहिली पट्टी निघाली आणि खाली इतकी सरळ, गुळगुळीत रेघ दिसली की मी ह्यांना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. हे आले, बघितलं, म्हणाले, "आता कुणाला त्यात बसू देऊ नकोस."

नेमके शेवटच्या कोपऱ्यात, नळाच्या मागे, दिवे गेले. टॉर्च तोंडात धरून बोट फिरवलं. मध्ये एकदा थांबावं लागलं, थांबल्यावर राहवलं नाही म्हणून पुन्हा फिरवलं.

नळीवर चोवीस तास लिहिलं होतं. पण ते दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंत सुकतं, आणि माझा थर ५-६ मिलिमीटरचा. म्हणून टब तीन दिवस तसाच भरलेला ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि एका फोन करणाऱ्या कुटुंबाला नाही म्हटलं. चौथ्या दिवशी बूच काढलं. पाणी खाली गेलं तशी रेघ किंचित फुगली, फुटली नाही. पुन्हा टब भरला, पुन्हा हे आत, यावेळी गरम पाणी घालून. पत्रिका फटीपाशी नेली तर तिला जागाच नव्हती. मग निळीचं पाणी काठावर, आणि मी टॉर्च घेऊन कोठीत. अर्धा तास बसले. भिंतीवर जुनी ओल होती तेवढीच होती.

ती ओल लगेच गेली नाही. त्याच आठवड्यात पाऊस लागला आणि चिरा चार महिने ओला तो ओलाच. दसऱ्यानंतर भिंत उजळायला लागली आणि दिवाळीच्या पाहुण्यांच्या गाद्या मी पुन्हा तिथेच ठेवल्या. लोणा ब्रशने झाडून काढला. भिंतीला रंग मात्र वर्षभर दिला नाही, आतलं पाणी पूर्ण निघू दे म्हणून.

अर्धी नळी उरली होती. नोझलमध्ये खिळा खोचून ठेवली होती. महिन्याभराने खिळा ओढला तर त्याच्याबरोबर रबरी शेपूट बाहेर आलं आणि आतलं ताजं होतं. त्यातून स्वयंपाकघरातल्या सिंकची कड भरून घेतली. आता तिथे कुणी बसत नाही, म्हणून भांडी भरून ठेवली होती.

नळामागचा तो कोपरा तेवढा राहिला. जिथे बोट दुसऱ्यांदा फिरवलं तिथे चार इंचांत सुरकुत्या आहेत, आणि सुरकुतीत वाळू अडकते, वाळूत ओल राहते. परवा तिथे दोन काळे ठिपके दिसले. येत्या मेमध्ये तेवढा तुकडा कापून काढायचा आहे. दोन्ही टोकं स्वच्छ कापून, खाली काही उरू न देता. एटीएम कार्ड यावेळी मुलाचं मागवलं आहे.